चायना, बॉक्सर आणि मांडवीचा खारा वारा

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करून टाकू. मांडवी एक्स्प्रेसचा आणि आमच्या मांडवीचा काहीएक संबंध नाही. ती गाडी गोव्यातल्या मांडवी नदीच्या नावाची. आमची मांडवी म्हणजे रत्नागिरी शहराचा समुद्र. काळी वाळू, जेट्टी, जेट्टीच्या तोंडाशी 'गेटवे ऑफ रत्नागिरी' म्हणून मिरवणारी कमान आणि संध्याकाळी भेळेचा वास. पण ऑफिसात 'मांडवीला चाललोय' म्हटलं, की कुणीतरी विचारतंच, "मांडवीने?" आणि गंमत म्हणजे उत्तर 'हो' असतं!

दरवर्षी मे महिन्यात माझी ही फेरी ठरलेली. आंबे, फणस, काकूच्या हातचे मोदक आणि दोन दिवस नेटवर्क नसल्याची बॉसला मारलेली थाप. यंदा मात्र कारण वेगळं होतं. आदल्या आठवड्यात प्राजूचा, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचा, फोन आला.

"दादा, माझी स्कूटर गेली. या वेळी कायमची. आता मी बाबांची बॉक्सर भंगारात घालते आणि दुसरी चायनावाली घेते. स्वस्तात मिळतेय. फक्त तू ये आणि बाबांना समजाव."

काकांना समजवायचं? त्यापेक्षा अप्रेझलच्या मीटिंगमध्ये बॉसला समजावणं सोपं. तरीही निघालो.

कटलेट, बोगदे आणि घाम

मांडवी एक्स्प्रेस पकडायची ती खाण्यासाठी. कोकण रेल्वेवर या गाडीच्या पँट्रीचं नाव आहे. ठाण्याला बसलात, की रत्नागिरी येईपर्यंत समोरून काही ना काही जातच राहतं आणि आपण हात वर करतच राहतो. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी हाच प्रवास एसटीच्या लाल डब्यातून रात्रभर चालायचा. काका त्याच एसटीत, रत्नागिरीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यामुळे आमच्या घरात गाडी हा विषय देवघराइतकाच गंभीर.

स्टेशन गावाबाहेर, उंचावर. तिथून रिक्षा उतरत उतरत समुद्राकडे जाते. हा उतार लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. कारण उतरताना मजा वाटणारी रत्नागिरी परत चढताना प्रत्येक इंजिनाची परीक्षा घेते.

घरी पोचलो, पाय धुतले आणि काकूने चहा द्यायच्या आतच प्राजू मला पडवीत घेऊन गेली. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

पडवीतल्या दोघी

पहिली प्राजूची. २०२२ मध्ये घेतलेली इलेक्ट्रिक स्कूटर. दिसायला अजूनही एकदम सॉलिड! डिजिटल मीटर, रिमोटची चावी, एलईडी दिवे. चिनी सुटे भाग आणून इथे जोडायचे आणि वर आपलं स्टिकर मारायचं, त्या जातीची. ही जात रस्त्यावर एवढी दिसते, त्याचं साधं कारण आहे. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तर रजिस्ट्रेशन लागत नाही, लायसन्सही लागत नाही. प्राजू घरून डबे आणि मोदकांच्या ऑर्डरी पोचवते. तिला वाटलं, पेट्रोलचा खर्च गेला, आरटीओची कटकट गेली, आता आपलंच राज्य.

पहिला पाऊस नीट गेला. दुसऱ्या पावसात चार्जिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट बुरशीसारखं काहीतरी जमलं. तांब्याला खारी हवा लागली, की असंच होतं. मग ब्रेकचा स्विच गेला. बॅटरी तर दुसऱ्या वर्षीच अर्ध्यावर आली होती. पहिल्यापासून दोन मोठे डबे लावून चढावर नेली, की ती धापा टाकायची. आणि तिसऱ्या पावसानंतर, दुरुस्त्या करत करत कशीबशी चालवल्यावर, कंट्रोलरने मान टाकली. दुकानात जावं तर दुकानच नाही! जिथून गाडी घेतली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

"कंट्रोलर ऑनलाइन मिळतो गं," मी शहाणपणा केला.

"मागवला. आला. पिन जुळत नाहीत," प्राजू म्हणाली. "माझे सगळे साठवलेले पैसे होते ते, दादा."

दुसरी गाडी काकांची. बजाज बॉक्सर, एमएच-०८, दसरा २००१. मागच्या मडगार्डची कड खाऱ्या हवेने कुरतडलेली, सीट दोनदा शिवलेली, पण टाकीवर अजून चमक. काकांचा गुडघा गेल्यापासून गाडी फिरत नाही. ते रोज सकाळी खाली येतात, किक मारतात, दोन मिनिटं आवाज ऐकतात आणि बंद करून पेपर वाचायला जातात. तिची रजिस्ट्रेशनची मुदत ऑक्टोबर २०२६ ला संपतेय. पहिली १५ वर्षं, मग दर पाच वर्षांनी तपासणी, फी आणि पर्यावरण कर. त्यात २० वर्षांवरच्या गाड्यांची फी २०२५ मध्ये वाढली. भंगारवाल्याने भाव सांगितलाच होता. प्राजूच्या बाजूने सगळं गणित जुळत होतं.

न आलेली चिनी मोटारसायकल

"काका, तुम्ही बॉक्सरच का घेतली होती?" रात्री जेवताना मी सावकाश सुरुवात केली. सोलकढीची वाटी ठेवून काका हसले.

"मी चायनाचीच घेणार होतो!"

प्राजूचा घास हातातच राहिला.

गोष्ट अशी. १ एप्रिल २००१ ला भारताने आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठवली. त्या वेळी पेपरात एकच चर्चा, आता चिनी माल येणार! खेळणी येणार, बॅटऱ्या येणार आणि चिनी मोटारसायकली तर निम्म्या किमतीत येणार. इथल्या कारखानदारांना घाम फुटला आणि काकांसारख्या गिऱ्हाइकांना स्वप्नं पडू लागली. काकांनी गाडी घ्यायचं सहा महिने पुढे ढकललं. वर्कशॉपमध्ये सगळे चिडवायचे, "काय, आली का तुझी बोट बंदरात?" दसरा आला, बोट काही आली नाही. काकूने सांगितलं, आता गाडी आणा, नाहीतर माझ्या पाटल्या करा. काकांनी बॉक्सर आणली.

चिनी लोंढा आपल्याकडे आलाच नाही. आयात शुल्क जबर होतं. शिवाय इथे शंभर सीसीच्या गाड्या आधीच स्वस्त होत्या आणि त्यांचे मेकॅनिक तालुक्याच्या गावापर्यंत पसरलेले होते. व्हिएतनाममध्ये मात्र नेमकं त्याच सुमारास उलटं घडलं. २००० आणि २००१ मध्ये तिथे चिनी सुट्या भागांच्या गाड्यांचा पूर आला, होंडाच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. होंडाला २००२ मध्ये 'वेव्ह अल्फा' नावाची खास स्वस्त गाडी काढावी लागली, तीही चिनी पुरवठादारांचे काही भाग वापरून! आणि लोक हळूहळू होंडाकडे परतले. का परतले? उत्तर दुसऱ्या दिवशी मांडवीच्या जेट्टीवर मिळालं.

जेट्टीवरचे चाचा

मांडवीची संध्याकाळ ज्याने पाहिली नाही, त्याने रत्नागिरी पाहिली नाही. उजव्या हाताला रत्नदुर्ग पाण्यात पाय सोडून बसलेला, डावीकडे भाट्याची खाडी, समोर परतणाऱ्या होड्या. कठड्यावर आजोबा लोकांची बैठक. तिथे राजिवड्याचे एक चाचा नेहमी असतात. उमेदीची सगळी वर्षं जहाजावर काढली. पूर्व आफ्रिकेची बंदरं त्यांना आपल्या गल्लीसारखी पाठ.

काकांनी विषय काढला. चाचा खुलले.

"मोम्बासात बोडाबोडा फार. म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी. आम्ही बंदरातून बाहेर आलो, की वीस पोरं गराडा घालणार. मी काय करायचो माहितेय? आधी गाडी बघायचो. चायनाची असली तर वर्ष विचारायचो. बॉक्सर असली तर नुसता बसायचो!"

चाचांचं ऐकून मला आमच्या महाराष्ट्राचा भलताच अभिमान वाटला. कारण बॉक्सर हे नाव भारतात कधीच मागे पडलं, पण आफ्रिकेत ते बजाजचं हुकमी पान आहे. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, वाळूज कारखान्यातून गाड्या बाहेरच्या देशांत जातात आणि तिथे त्यांची गाठ थेट स्वस्त चिनी गाड्यांशी पडते. चिनी गाडी विकत घेताना स्वस्त. पण बोडाबोडावाला दिवसाला बारा तास गाडी चालवतो, दोन-तीन माणसं नाहीतर केळीचे घड लादून. त्याच्यासाठी बंद गाडी म्हणजे बुडालेली मजुरी. त्यामुळे त्याचा हिशेब शोरूममध्ये संपत नाही, तिथे तो सुरू होतो.

"पण मग चिनी लोकांना गाडी बनवता येत नाही असं थोडंच आहे?" मी विचारलं. आपल्या खिशातले फोन काय आकाशातून पडलेत?

"येते की!" काका म्हणाले. "प्रश्न येण्याचा नाही, पैसे कुठे वाचवले त्याचा आहे."

आणि मग या रिटायर्ड एसटी मेकॅनिकने जेट्टीवर बसून मला जे सांगितलं, ते कुठल्या ऑटो एक्स्पोतही ऐकलं नव्हतं.

नक्कल डिझाइनची होते, पोलादाची नाही

होंडाने १९७० च्या दशकात सीजी १२५ नावाची गाडी काढली. खास अशा देशांसाठी, जिथे रस्ते वाईट आणि तेल बदलायचा कंटाळा. इंजिन मुद्दाम साधं ठेवलं, जुन्या पद्धतीचं, पुशरॉडवालं. तेच इंजिन पुढे चीनमधल्या शेकडो कारखान्यांनी उचललं. चोंगछिंग शहर तर मोटारसायकलींचं माहेरघर झालं. एकजण क्रँक बनवणार, दुसरा सिलिंडर, तिसरा वायरिंग आणि चौथा सगळं जोडून स्वतःचं नाव लावणार. १९९३ मध्ये मोटारसायकलींच्या उत्पादनात चीनने जपानलाही मागे टाकलं.

म्हणजे आराखडा तोच, मग फरक कुठे? फरक न दिसणाऱ्या ठिकाणी. बेअरिंगचं पोलाद कसं तापवलं, किती थंड केलं. क्रोमच्या खाली निकेलचा थर किती जाड. आपल्याला वाटतं, गंजापासून क्रोम वाचवतं. खरं काम निकेल करतं, क्रोम नुसतं वर चमकतं. थर पातळ असला, की त्याच्या बारीक छिद्रांतून मीठ आत शिरतं आणि चकचकीत रिमवर देवी आल्यासारखे ठिपके उठतात. तेलाच्या सीलचं रबर, वायरीच्या जोडांवरची टोपी, नटबोल्टवरचं जस्त. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन रुपये वाचवले, की गाडी स्वस्त होते. आणि हे शोरूममध्ये कुणालाच दिसत नाही.

"गाडी पहिल्या वर्षी कोणाचीही चालते रे," काका म्हणाले. "दहाव्या पावसात चालली, तर ती गाडी."

दुसरीकडे, पैसे मोजले तर चिनी कारखानेही चोख काम देतात. लोन्सिन ही चोंगछिंगची कंपनी बीएमडब्ल्यूसारख्या नावासाठी इंजिनं बनवत आली आहे. बेनेली हे इटालियन नाव २००५ पासून चीनच्या छ्यानजियांग ग्रुपचं आहे. पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सने त्या गाड्या भारतात आणल्या, सातारा जिल्ह्यात वाईला त्यांची जुळणी व्हायची. २०१८ मध्ये ती भागीदारी संपली आणि कारभार हैदराबादच्या महावीर ग्रुपकडे गेला. अशा वेळी गाडी कितीही भन्नाट असो, मालकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो, आता पार्ट कोण देणार?

म्हणजे टिकाऊपणाचे दोन पाय. एक, आतलं पोलाद. दुसरा, दुकानातला पार्ट. प्राजूच्या स्कूटरला दोन्ही नव्हते.

परतताना काकांनी खिशातून एक लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधलं. ते काळ्या वाळूत फिरवलं आणि माझ्या हातात दिलं. त्याला काळ्या कणांची दाढी आली होती!

"मांडवीची वाळू काळी का? तिच्यात लोखंड आहे. लोखंडाला इथलं पाणी पचतं. पण ते लोखंड समुद्राने आधीच हजारो वर्षं चघळलंय. आपल्या गाडीला तेवढा वेळ नाही."

निकाल

रविवारी सकाळी प्राजूला घेऊन गावातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. बॉक्सर मी चालवली, ती मागे. मेकॅनिक पोरगा विशीतला, म्हणजे गाडीपेक्षा लहान. त्याने किक मारली, कान दिला, साखळी हलवली, पुढचा ब्रेक दाबला आणि कागदावर यादी लिहिली. चेनसेट, दोन केबल, कार्ब्युरेटरची रबरं, मागचा टायर, ब्रेक शू, टाकीची आतून सफाई. टाकी का? कारण २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. ते हवेतली ओल ओढतं. जुनी टाकी उभी राहिली, की आतून गंजते आणि जुनी रबरं फुगतात. काकांची रोजची दोन मिनिटांची किक नेमकी इथे चुकत होती. इंजिन तापायच्या आत बंद, म्हणजे ओल आतच.

"पार्ट मिळतील?" प्राजूने विचारलं. तिचा अजून विश्वास नव्हता.

"ताई, समोरच्या दुकानात," तो म्हणाला. "नाही मिळाले तर सीटी हंड्रेडचे बसतात का बघतो."

सगळा खर्च मिळून प्राजूच्या नव्या चायनावालीच्या किमतीच्या पाव भागातही येत नव्हता. आरटीओची फी धरूनसुद्धा. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

"पण दादा, मला गिअरची येत नाही ना. लायसन्सही नाही."

हा खरा मुद्दा होता. इतकी वर्षं कुणी तिला बॉक्सरला हात लावू दिला नव्हता. काकांनीही नाही. घरी येऊन मी एवढंच म्हणालो, "काका, गाडी विकायची नाही, हे तुमचं मान्य. पण मग ती चालवणार कोण?"

काका गप्प. काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिला शिकवा. नाहीतर द्या भंगारात. पडवीत जागा अडते."

दुपारी चार वाजता काका लंगडत पडवीत आले. प्राजूला लर्निंग लायसन्सचा फॉर्म भरायला बसवलं आणि तोवर स्टँडवरच्या गाडीवर क्लच म्हणजे काय ते सांगत राहिले. पहिला गिअर, न्यूट्रल, परत पहिला. गाडी जागची हलली नाही, पण दोघं तासभर तिथेच होते. काका ओरडले, प्राजू रडकुंडीला आली, पुन्हा हसली. मी आंब्याच्या पेट्या बांधत होतो आणि खरं सांगायचं तर मुद्दामच सावकाश बांधत होतो.

मी परत आल्यावर पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. फोटोत बॉक्सर, मागच्या कॅरिअरला मोदकांचे डबे, पुढे मोठ्ठं लाल 'एल'. खाली एकच ओळ, "चढ दुसऱ्या गिअरवर चढली!"

चिनी स्कूटर अजून पडवीतच आहे. काका म्हणतात, कंट्रोलर उघडून बघतो. पाऊस संपेपर्यंत त्यांना काहीतरी हवंच होतं.

जायचंय? हे वाचा!

कसे जाल : मुंबईहून कोकण रेल्वेने रत्नागिरी, मग रिक्षाने मांडवी. रस्त्याने मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याला आत वळा. पुण्याकडून येणाऱ्यांना कोल्हापूरमार्गे आंबा घाटाचा रस्ता देखणा, पण पावसात धुकं दाट असतं.

काय बघाल : मांडवी जेट्टीवरचा सूर्यास्त, रत्नदुर्ग आणि त्यातलं भगवती मंदिर, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला नजरकैदेत ठेवलेला १९१० चा थिबा पॅलेस, मिरकरवाड्याचं मासळी बंदर.

बाइकने जाताय? : ओल्या वाळूवर गाडी नेऊन फोटो काढायचा मोह टाळा. परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा, खालची बाजू आधी. साखळीला तेल, केबलना ग्रीस. रात्री प्लॅस्टिकचं कव्हर घट्ट बांधू नका, ओल आत कोंडते.

स्वस्त गाडी घेण्याआधी विचारा : हीच गाडी पाच वर्षं वापरलेला माणूस भेटेल का? पार्ट तुमच्या गावात मिळतात का? दुसरा मेकॅनिक तिला हात लावेल का? बॅटरीची वॉरंटी कोण देतं, कंपनी की दुकानदार? चारही उत्तरं 'माहीत नाही' असतील, तर गाडी स्वस्त नाही!